खच्ची घोड्याचं पुढे काय होतं?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

पुण्याचा रेसचा सीझन सुरू झाला की तुमच्या पेपरात रेसकार्ड, टिप्स, जिंकलेल्या घोड्याचा मालकासोबतचा फोटो सगळं येतं. येऊ दे, वाचणारे वाचतात. पण तोच घोडा दोन वर्षांनी कुठे असतो यावर कधी दोन ओळी बघितल्या नाहीत म्हणून हे लिहितेय. मी स्वतः रेस खेळत नाही. लहानपणी वडील एम्प्रेस गार्डनला न्यायचे तेव्हा शेजारी रेसकोर्सवर सकाळचे घोडे पळताना दिसायचे, एवढाच काय तो संबंध.

गेली चार वर्षं मात्र मी, माझी बहीण आणि ऑफिसातल्या दोन मैत्रिणी मिळून एका रिटायर घोड्याचा खर्च उचलतो. त्याला दत्तक घेणं म्हणतात, घरी आणायचा नसतो हे आधीच सांगते कारण आमच्या सोसायटीत एकीने खरंच विचारलं होतं की पार्किंगमध्ये बांधणार का! घोडा असतो रिटायर घोड्यांच्या आश्रमातच, आपण महिन्याला पैसे द्यायचे.

आता हिशोब बघा. रेसचा घोडा दोन वर्षांचा झाला की पळायला लागतो आणि सहा-सात वर्षांचा होईतो बहुतेकांचं करिअर संपतं, पण नीट सांभाळला तर तो पंचवीस वर्षं आरामात जगतो, म्हणजे पुढची अठरा-वीस वर्षं शिल्लक. चांगल्या रेस जिंकलेला नर असेल तर पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातो, घोडी असेल तर ब्रीडिंगला जाऊ शकते. खच्ची केलेला घोडा कुठेच लागत नाही. मग रायडिंग स्कूल, तिथे नाही जमलं तर लग्नाची वरात, टुरिस्ट स्पॉटवरचे फेरे, असा एकेक पायरी खाली. जो आयुष्यात फक्त गेट उघडलं की जीव तोडून पळायचं एवढंच शिकलाय त्याला बँड आणि फटाक्यांमध्ये नवरदेव पाठीवर घेऊन उभं राहायला सांगायचं, मग तो बिथरला की घोडाच वाईट.

(एक गंमत म्हणजे पुण्याच्या एका मोठ्या उद्योगाची सुरुवात या रिटायर घोड्यांपासूनच झालीय. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे असे घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे, त्यांच्या रक्तातून औषधाचं सीरम काढायला, आणि त्यातूनच आपणच सीरम बनवावं ही कल्पना निघून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.)

आमच्या घोड्याचं रेसचं नाव भलंमोठं इंग्रजी आहे, तिथला सईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा, त्याला पिंट्या म्हणतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा गव्हाणीखाली अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे ओले गोळे पडलेले, मला वाटलं लाडावलाय, नखरे करतोय. सईस म्हणाला, "ताई, दात बघा." घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि झिजून कडांना धार येते, ती गालाला आतून कापते, मग चावता येत नाही आणि चारा तोंडातून पडतो. डॉक्टरांनी येऊन अक्षरशः कानस मारली, आपण लोखंडाला मारतो तशी. तेव्हापासून त्याला कोंडा भिजवून देतात. पुढच्या डाव्या पायाची शीर रेसमध्येच गेलीय, थंडीत तिथे सूज येते. आणि नालबंद दर सहा आठवड्यांनी लागतोच, काम असो नसो, खूर वाढायचे थांबत नाहीत.

म्हणूनच माझं म्हणणं आहे की वाढदिवसाला एकदा पाच हजार देऊन फोटो स्टेटसला टाकणारे नकोत, महिन्याला पाचशे देणारे हवेत. चारा रोज लागतो. आणि द्यायच्या आधी जाऊन बघा. आमची स्वतःची फजिती झालीय. आधी दुसऱ्या एका ठिकाणी पैसे द्यायचो, तिथून दर महिन्याला घोड्याचा फोटो यायचा, मग कळलं की तोच घोडा बहिणीच्या जावेला पण "फक्त तुमचा" म्हणून दिलाय. एका घोड्याला दहा स्पॉन्सर असायला काही हरकत नाही हो, एवढा खर्च एकट्याला झेपत पण नाही, पण सांगा ना तसं. जायचं तर पावसाळ्यात जा, चिखल किती आहे, खूर सडलेत का ते तेव्हाच दिसतं. नालबंद शेवटचा कधी आला विचारा. ८०जीची, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्सची सूट मिळवून देणारी, पावती मागा, अर्थात नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर तिचा उपयोग नाही.

पण खरा राग वेगळाच आहे. हा खर्च आम्ही पगारदार बायकांनी का करायचा? ब्रिटनमध्ये रेसिंगवाल्यांनीच २००० साली रिटायर घोड्यांसाठी रिट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस ही संस्था काढली. अमेरिकेत २०१२ पासून थरोब्रेड आफ्टरकेअर अलायन्स आहे, ती आश्रम तपासून मान्यता देते आणि ग्रँट पण देते. आपल्याकडे मुंबईत २०१५ मध्ये हायकोर्टाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायला सांगितल्या तेव्हा त्या घोड्यांचं पुनर्वसन करा असंही बजावलं, म्हणजे टांग्याच्या घोड्याबद्दल निदान कोणीतरी विचारलं. रेसच्या बेटिंगवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्क्यांवर गेलाय, त्यातला एक पैसा तरी घोड्याच्या म्हातारपणाला बाजूला काढा. आणि बक्षिसाच्या प्रत्येक चेकमधून थोडी रक्कम त्याच घोड्याच्या नावाने कापून ठेवा, आपला पीएफ कापतात तसा. मालकांना ते जड जाईल असं मला तरी वाटत नाही.

तुमच्या रेसच्या पानावर एक छोटा चौकोन या घोड्यांसाठी ठेवता आला तर बघा. यंदा दिवाळीत चार रात्री मी आश्रमात मुक्कामाला जातेय, फटाके सुरू झाले की पिंट्या दाराला धडका देतो आणि सईस एकटा पडतो.

आपली,
एक वाचक, वानवडी, पुणे