कॉलेजच्या फुटबॉलला पूर्ण हंगाम द्या : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

नागपूर करारानुसार दरवर्षी विधिमंडळाचं एक अधिवेशन आमच्या शहरात होतं. डिसेंबरात आपण इथे येता, तेव्हा हवा फुटबॉलसाठी अगदी उत्तम असते. पण तोवर आमच्या बहुतेक कॉलेज संघांचा हंगाम आटोपलेला असतो.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची. पोरं जुलैपासून काळ्या मातीच्या चिखलात सराव करतात, आणि हरलेला संघ त्याच दिवशी किट गुंडाळतो. ३२ संघ उतरले तर त्यातल्या १६ संघांचं अख्खं वर्ष एका सामन्यात संपतं. एवढ्या खेळातून कोणता खेळाडू घडणार? आणि विद्यापीठाच्या संघाची निवड करणाऱ्यांना तरी त्यात काय दिसणार?

आमचा मागचा हंगाम दुसऱ्या सामन्यात संपला. आमचा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, शेजारच्या कामठीचा. पहाटे पेपर टाकतो, मग सरावाला येतो. सामना सकाळी नऊला आणि त्याच दिवशी अकराला त्याचं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल. तारीख बदलून मिळावी म्हणून अर्ज केला होता, उत्तरच आलं नाही. किटबॅगेत बुटांशेजारी जर्नल घेऊन तो मैदानावर आला. हाफटाइमला शिनगार्ड काढले, चिखलाचे पाय नळाखाली धुतले आणि ज्युनिअरच्या गाडीवर मागे बसून परीक्षेला गेला. सामना बरोबरीत सुटला, टायब्रेकरवर आम्ही हरलो. पहिली पेनल्टी नेहमी तोच मारतो. पोरांनी त्याला एका शब्दानंही दोष दिला नाही, याचा मला अभिमान आहे. पण अशी निवड त्याच्यावर लादणं हा अन्याय आहे, आणि तो दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पोरावर होतो.

नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाच्या श्रेयांकांमध्ये खेळ धरला आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. म्हणजे खेळ हे शिक्षणाचंच अंग आहे, हे शासनाला मान्य आहे. मग सामना आणि परीक्षा एकाच दिवशी आली, तर पुन्हा परीक्षा देण्याचा हक्क खेळाडूला का नसावा? आज सगळं प्राचार्यांच्या मर्जीवर चालतं. उच्च शिक्षणमंत्री अधिवेशनात आपल्या सोबतच बसतात. दोन्ही खात्यांनी मिळून एक शासन निर्णय काढला, तर हा प्रश्न कायमचा मिटेल.

दुसरी मागणी साखळी सामन्यांची. त्याच ३२ संघांचे चार-चारचे आठ गट पाडले, तर प्रत्येकाला किमान तीन सामने मिळतात. गटविजेते थेट उपांत्यपूर्व फेरीत गेले, तर एकूण सामने ३१ ऐवजी ५५ होतात. पंचांचं मानधन, मैदान आखायचा चुना, प्रथमोपचार, पोरांचा प्रवास, हा खर्च वाढेल. तो कॉलेजांवर न टाकता शासनानं उचलावा.

पण मैदान कुठे आहे? पावसाळ्यात आमची माती पाय धरून ठेवते आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. खेळायला मिळतात ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढेच महिने, आणि मोकळ्या जागांवर प्रदर्शनं, मेळावे, सभा भरतात त्याही याच महिन्यांत. मांडव उठला की खांबांचे खड्डे आणि खिळे मागे राहतात. सरावाआधी पोरं रांगेनं खिळे वेचतात. फुटबॉलसाठी राखलेल्या एका तरी मैदानावर या काळात दुसरं काहीही होऊ नये, असा नियम करा. तिथे मुलींना कपडे बदलायला खोली आणि स्वच्छतागृह बांधा. त्यांचे संघ कमी का, याचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

नागपुरात पोरांची कमी नाही. कामठीत पिढ्यान् पिढ्या फुटबॉल खेळला जातो. याच शहरातल्या एका कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी वस्तीतली मुलं मैदानावर आणली. २००१ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या स्लम सॉकर या संस्थेनं पुढे जागतिक स्पर्धांसाठी खेळाडू घडवले. त्यांनी हे स्वतःच्या हिमतीवर केलं. शासनाकडे तर मैदानं, पैसा आणि अधिकार तिन्ही आहेत.

या अधिवेशनात एका सकाळी आमच्या सरावाला या. सहा वाजता आम्ही मैदानावर असतो. लेफ्ट बॅकला तुमच्याशी बोलायचं आहे. यंदाच्या वेळापत्रकातही त्याचं प्रॅक्टिकल स्पर्धेच्याच आठवड्यात आलं आहे.

आपला,
नागपुरातील एका महाविद्यालयाचा शारीरिक शिक्षण संचालक