यंत्राआधी वीज आणि माणूस ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विद्यापीठीय संशोधनासाठी सामायिक संगणन केंद्र उभारण्याविषयीची बातमी आपल्या कालच्या अंकात वाचली. यंत्राची क्षमता किती टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी आकडेमोडी, असेल, हे बातमीत दोनदा आले आहे. ते यंत्र कोण चालवणार, हे एकदाही आलेले नाही. भौतिकशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून हे पत्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

मी ज्या महाविद्यालयात होते, तेथे विभागासाठी एक सर्व्हर घेतला गेला. अनुदान ३१ मार्चपूर्वी खर्ची पडले पाहिजे, एवढाच विचार त्या खरेदीमागे होता. पुरवठादाराचा माणूस आला, यंत्र जोडून, पासवर्ड टाकून निघून गेला. प्रयोगशाळेला लागून असलेल्या पश्चिमेकडच्या खोलीत ते ठेवले होते, आणि जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा त्या खोलीत माणसालाही उभे राहवत नसे. माझी एक विद्यार्थिनी झिंक ऑक्साइडच्या इलेक्ट्रॉन रचनेची गणिते त्यावर करीत होती. अशा गणितात अणूंची संख्या दुप्पट केली की लागणारा वेळ साधारण आठपट होतो, त्यामुळे एकेक गणित दिवसचे दिवस चाले. एका दुपारी वीज गेली, यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच्या बसलेल्या होत्या, आणि मधल्या टप्प्यांची नोंद ठेवण्याची सोय तिला कोणी दाखवून दिलेली नसल्याने सारे काम गेले. वीज आल्यावर यंत्र सुरू झाले, पण डिस्क उघडेना. पुरवठादाराने हमीची मुदत संपल्याचे कळवले. ती मुलगी पेनड्राइव्ह घेऊन पुण्याला गेली, नातेवाइकांकडे राहिली आणि उरलेली गणिते दुसऱ्यांच्या यंत्रावर, त्यांच्या सवडीने पूर्ण करून आली. आमचे यंत्र मात्र अजून तेथेच आहे. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्याची नोंद आहे आणि निर्लेखनाची, म्हणजे ते निकाली काढण्याची, परवानगी आलेली नाही, म्हणून ते हलवताही येत नाही.

विभागागणिक अशी यंत्रे घेण्यापेक्षा एक सामायिक केंद्र हवे, याबद्दल माझे दुमत नाही. ४,५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणन अभियान २०१५ मध्ये मंजूर झाले, त्यातून २०१९ मध्ये वाराणसीला ‘परम शिवाय’ आणि पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत ‘परम ब्रह्म’ हे महासंगणक उभे राहिले. खान्देशातील महाविद्यालये १९९० पर्यंत पुणे विद्यापीठाला जोडलेली होती आणि प्रत्येक कामासाठी पुण्याकडे पाहावे लागे. जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर ती पायपीट संपली. संगणनासाठी ती अजून चालू आहे. म्हणूनच हे केंद्र नीट व्हावे, अशी माझी तळमळ आहे.

नीट व्हायचे तर आधी कामे मोजावी लागतील. माझ्या विद्यार्थिनीला पुष्कळ प्रोसेसर एकत्र आणि त्यांना जोडणारे वेगवान जाळे हवे होते. रावेर-यावलच्या केळीवर काम करणाऱ्याची गरज वेगळी आहे: २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला केळीचा जनुकसंच सुमारे ५२ कोटी बेसजोड्यांचा (डीएनएच्या साखळीतील दुव्यांचा) आहे, आणि असे जनुकसंच तुकड्यांतून जुळवायला प्रोसेसरपेक्षा मेमरी जास्त लागते. पिकांच्या छायाचित्रांवरून रोग ओळखणाऱ्याला जीपीयू, म्हणजे एकाच वेळी असंख्य सोप्या आकडेमोडी करणारे प्रोसेसर, हवेत. एका टेराफ्लॉपच्या आकड्यात यातले काहीच दिसत नाही. त्यात पुन्हा नंदुरबारच्या महाविद्यालयात १० एमबीपीएसची इंटरनेट जोडणी असेल, तर १०० जीबीची फाईल केंद्रापर्यंत पोचायला सलग २२ तास लागतील. यंत्र कितीही वेगवान असले तरी तेथे बसलेल्या संशोधकाला त्याचा उपयोग काय?

खरेदीचा खर्च एकदाच होतो. विजेचे बिल दर महिन्याला येते. यंत्र जेवढी वीज घेते तेवढ्या साऱ्या विजेची उष्णता होते आणि ती बाहेर काढायला पुन्हा एसीची वीज लागते, आणि आपल्याकडचा उन्हाळा पाहता हा खर्च पुण्यापेक्षा येथे जास्तच येणार. चार-पाच वर्षांत यंत्र जुने होते, तेव्हा बदलासाठी पैसा कोठून येणार हेही आजच लिहून ठेवले पाहिजे. सर्वांत आधी हवा तो पूर्णवेळ सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, जो यंत्रावरच्या कामांची रांग लावेल, डेटाची प्रत ठेवेल आणि नव्या विद्यार्थ्याला पहिले गणित चालवून दाखवेल. हे काम एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात अतिरिक्त म्हणून बांधू नये.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या महाविद्यालयात ‘नियमित’ शिक्षकांखेरीज कोणाला त्या यंत्रावर खाते मिळत नसे. आज अनेक महाविद्यालयांत निम्मे अध्यापन तासिका तत्त्वावरील तरुण शिक्षक करतात आणि संशोधनाची खरी उमेद त्यांच्यातच आहे. त्यांना वर्षानुवर्षे कायम करायचे नाही आणि वर यंत्राची दारेही बंद ठेवायची, हा अन्याय नव्या केंद्रात तरी होऊ नये.

माझी विनंती एवढीच, की निविदा काढण्यापूर्वी या केंद्राचा आराखडा जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांकडे अभिप्रायासाठी पाठवावा आणि विजेची तरतूद व पदमंजुरीचा आदेश त्यासोबत जोडावा.

आपली,
भौतिकशास्त्राची एक सेवानिवृत्त प्राध्यापिका,
जळगाव