डिझेलचं पोट उघडून दाखवणाऱ्या आप्पांना

आदरणीय आप्पा,
सप्रेम नमस्कार.

वाचनालयातलं रेल्वेचं प्रदर्शन छान पार पडलं. गुडघ्यांमुळे तुम्हाला जिना चढता आला नाही, म्हणून हे पत्र. उघड लिहिते आहे, कारण डिझेलच्या कोपऱ्यात जे लोक थांबून थांबून वाचत होते, त्यांना ते सगळं कुणाकडून आलं हे कळायला हवं.

आपली पीजे, म्हणजे पाचोरा–जामनेर नॅरोगेज, २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर, भागदरा करत ५६ किलोमीटर जाणारी ही गाडी. आता ब्रॉडगेज होणार, बोदवडपर्यंत जाणार, ते चांगलंच आहे. पण प्रदर्शनात काय मांडायचं यावर बोलणं सुरू झालं तेव्हा सगळ्यांना हवं होतं ते वाफेचं इंजिन. धूर, शिट्टी, कोळसा. तुम्ही एवढंच म्हणालात, “शेवटपर्यंत गाडी ओढली ती डिझेलनं. त्याला एक कोपरा तरी द्या.” आणि मग इटारसीच्या डिझेल शेडमधली तुमची सगळी फिटरकी माझ्यापुढे उलगडलीत.

डिझेलमध्ये ठिणगी नसते, हवा दाबून दाबून पाचशे अंशांच्या वर तापवतात आणि तिच्यात इंधन फवारलं की ते आपोआप पेटतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण सुरुवातीच्या लोकांना एवढा त्रास का झाला ते तुमच्याकडून कळलं. वाफेचं इंजिन जागेवरून उठतानाच पूर्ण जोर लावतं. डिझेलला आधी फिरत राहावं लागतं. फेरे ठरावीक मर्यादेखाली गेले की ते बंद पडतं. चौथ्या गिअरमध्ये मोटरसायकल उठवायला गेलं की कशी गचका खाऊन बंद पडते, असं तुम्ही म्हणालात आणि मला चित्रच दिसलं. १९१२ साली स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला सुल्झर कंपनीने डिझेल इंजिन थेट चाकांना जोडून पाहिलं, ते दाबलेल्या हवेने सुरू करावं लागे, आणि नेहमीच्या सेवेत ते टिकलं नाही. ते का टिकलं नाही, हे तुम्ही चहाची बशी बाजूला सारून टेबलावर खडूने काढून दाखवलंत. आणि त्याच सुमारास स्वीडनने काय केलं, तेही: ७५ अश्वशक्तीचं छोटं डिझेल, त्यावर जनरेटर, त्याची वीज चाकांवरच्या मोटरींना. इंजिन आपल्या वेगाने फिरतं, चाकं आपल्या वेगाने. तुमच्या शेडमधली इंजिनं याच वाटेवरची होती, हे सांगताना तुमचा आवाज चढला होता.

म्हणूनच १९३३ ची बर्लिन–हॅम्बुर्ग डिझेल गाडी मला वेगळी वाटू लागली. दोन डबे, मायबाखची ४१० अश्वशक्तीची दोन इंजिनं, आणि जवळजवळ २८७ किलोमीटर १३८ मिनिटांत. दोन डब्यांच्या सांध्याखालचा चाकांचा सांगाडा (बोगी) सामाईक, म्हणजे वजन कमी. त्यानंतरच्या वर्षी अमेरिकेची झेफिर: स्टेनलेस स्टीलचे तीन डबे, ६०० अश्वशक्तीचं विंटन इंजिन. २६ मे १९३४ ला डेन्व्हरहून पहाटे निघून तीच गाडी १३ तास ५ मिनिटांत शिकागोला पोहोचली. अंतर १,०१५ मैल! एरवी या प्रवासाला जवळपास दुप्पट वेळ लागे. त्याच वर्षी तिच्याआधी आलेली युनियन पॅसिफिकची एम-१०००० मात्र ॲल्युमिनियमची होती (तिचं इंजिन डिझेलचं नव्हतं). युद्धात ती मोडीत निघाली. झेफिर १९६० मध्ये निवृत्त होऊन शिकागोच्या संग्रहालयात गेली, अनेक वर्षं उघड्यावर उभी राहिली, आणि १९९० च्या दशकात दुरुस्त होऊन आत आली. हॅम्बुर्गच्या गाडीचा मात्र फक्त एक भाग उरला.

हे वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही जे बोललात, ते मी फलकावर मोठ्या अक्षरांत लावलं. वाफेचं इंजिन चौकात उभं केलं तरी दांडे, पिस्टन बाहेर दिसतात, पोरगंसुद्धा बघून समजतं. डिझेल बंद पडलं की ती नुसती पेटी. रंग मारला म्हणजे जपलं असं होत नाही. पाणी काढलं नाही तर इंजिनाभोवतीचं पाण्याचं जॅकेट गंजतं, क्रँकशाफ्ट अधूनमधून हाताने फिरवला नाही तर अडकतो, रबराची सीलं वाळतात, वायरिंगवर उंदीर बसतात. आणि ते उघडायचं कसं हे माहीत असलेला माणूस गेला, की सुट्या भागांचाही उपयोग नाही. हे कुठल्या फलकावर लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. मला ते पीजेविषयी सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण गाडी बंद झाली आहे आणि ती हाताळलेली माणसं अजून पाचोऱ्या-जामनेरात आहेत.

म्हणून तुम्ही दिलेला तो इंजेक्टर, इंजिनात इंधन फवारणारा भाग! तो मोकळा करून, नोझल आणि सुई वेगळी ठेवून मांडला. लोकांनी सगळ्यात जास्त वेळ तिथेच काढला. एका मुलीने विचारलं, एवढ्या छोट्या भोकांतून डिझेल जातं? तुम्ही सांगितलं तसंच सांगितलं: भोकं बारीक म्हणूनच फवारा होतो, आणि फवारा झाला म्हणूनच ते पेटतं. हे उत्तर तुमचं होतं, हेही तिला सांगितलं.

काकूंनी प्रत्येक वेळी कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. त्यांचे आभार वेगळे मानते आहे.

इंजेक्टर परत आणून देईन. वहीतली तुमची आकृत्यांची पानं मात्र आणखी काही दिवस ठेवू द्या, त्यांच्या प्रती काढून वाचनालयात लावायच्या आहेत, तुमच्या नावासकट, तुमची हरकत नसेल तर. आणि गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचे फेरे सांभाळणारा भाग, अजून समजलेला नाही. चालकाने नॉच, म्हणजे हँडलचा टप्पा, वाढवला की इंधन नेमकं किती जायचं हे तो कसं ठरवतो, ते पुढच्या खेपेला सांगा. खडू मी घेऊन येते.

तुमची,
जामनेरची विद्यार्थिनी