आलिकांते : किल्ला पाहा, पण उतरा सांता क्रूझमधून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्पेनला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या कार्यक्रमात आलिकांते आले, तरी बहुधा सांता बार्बरा किल्ला, समुद्रकिनारा आणि पुढचे शहर एवढ्यावरच आटोपते. किल्ल्याच्या पायथ्याला बिलगलेली सांता क्रूझ ही जुनी वस्ती मात्र राहून जाते. खरे तर शहराचा जीव तिथेच आहे.

किल्ला ज्यावर उभा आहे तो बेनाकांतिल डोंगर १६६ मीटर उंच. गड चढण्याची सवय असलेल्यांना ही उंची किरकोळ; तरी उन्हाळ्यात दुपारी खालून वर जाऊ नये. चढावर सावली कमी आणि दगड तापलेला. त्यापेक्षा पोस्तिगेत किनाऱ्यासमोरच्या बोगद्यातून लिफ्टने किल्ल्यावर जावे आणि ला एरेता उद्यानाच्या नागमोडी वाटेने पायी उतरावे. ही वाट सांता क्रूझच्या छोट्या चॅपेलपाशी येते. अठराव्या शतकातले हे चॅपेल जुन्या तटबंदीच्या बुरुजाच्या जागी उभे आहे. बंदर आणि शहर तिथून एका नजरेत दिसते. पुढे सान राफाएल गल्लीने प्लाझा देल कार्मेन या चौकाकडे उतरता येते.

मोबाइलच्या नकाशावर गल्ली दिसते, ती प्रत्यक्षात पायऱ्यांची असते. त्यामुळे चाकांच्या बॅगा आणि बाबागाडी हॉटेलवरच ठेवावी. पायऱ्या घासून गुळगुळीत झाल्या आहेत. पावसात चपला घसरतात, पकड असलेले बूटच हवेत. गुडघे दुखणाऱ्यांनी लिफ्टनेच परत यावे, ओढाताण करू नये.

पांढऱ्या भिंती, निळे-पिवळे पट्टे, रंगीत टाइल्स, दारोदार कुंड्या : फोटोचा मोह होणारच. पण या कुंड्या रहिवाशांनी स्वतः वाढवलेल्या आहेत आणि घरांची दारे थेट पायरीवर उघडतात. उंबऱ्यावर बसणे, खिडकीतून आत कॅमेरा रोखणे टाळावे. दुपारी दोन ते पाच लोक विश्रांती घेतात. तेव्हा मोठ्या घोळक्याने आवाज करत फिरणे त्यांना त्रासदायकच. सकाळी दहाच्या आत किंवा ऊन कलल्यावर जावे.

ईस्टरआधीच्या बुधवारी मात्र गर्दी सोसूनही इथे यावे. चॅपेलमधल्या मूर्तींचे जड चौरंग खांद्यावर घेऊन वस्तीतले लोक याच अरुंद, तीव्र उताराच्या गल्ल्यांतून मिरवणूक काढतात. वळणावर चौरंग कसा फिरवतात, हे पाहण्यासारखे आहे. त्या संध्याकाळी उशिरा पोहोचले तर गल्लीत शिरताच येत नाही. जागा आधी धरावी. मे महिन्याच्या सुरुवातीला फुलांनी सजवलेले क्रूस असतात, तेव्हा तुलनेने निवांत फिरता येते.

सहल कंपन्यांनी किल्ल्यानंतर बस थेट पुढे न नेता प्लाझा देल कार्मेनपाशी भेटण्याची वेळ ठरवावी. उतरायला तासाभराची मोकळीक पुरेशी आहे.

– एक वाचक, पुणे