पॉइंट पाच

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज आईच्या फोनवर आला, माझ्या नाही. ठीकच आहे. वंदना स्टँडवरून शिवनेरी बस सुटली तेव्हा तू खिडकीतून बघितलंस, पण हात केला नाहीस. मग मी घरी न येता उगाच तलावपाळीपर्यंत चालत गेलो. आई म्हणते, फोन करा की सरळ. फोनवर माझा आवाज चढतो. म्हणून पत्र.

आधी कबुली. तुझा तो चेहऱ्यावर फिरवायचा बारीक सुयांचा रोलर हरवलेला नाही. पाऊचमधून मीच काढला. माझ्या व्हर्नियरच्या, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीच्या, पेटीत ठेवला.

"बाबा, तुम्हाला यातलं काय कळतं?" म्हणालीस. चेहऱ्यातलं काही कळत नाही, कबूल. पण वागळे इस्टेटीत एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढलीत, टोक कसं असावं ते मला कळतं. तू गेल्यावर खिडकीत बसून भिंगाखाली धरला. खोक्यावर सुईची लांबी ०.५ मिलिमीटर छापलीय. सुयांच्या टोकांवरून व्यास घेतला, मधल्या मोकळ्या पट्टीवरून ड्रमचा घेतला, फरक भागिले दोन. तीन ठिकाणी मोजलं. ०.५२, ०.५६ आणि एका जागी ०.६४. आमच्याकडे असला माल दारातूनच परत गेला असता. वर दोन सुयांची टोकं वाकलेली, गळासारखी. अशी सुई आत जाताना कळत नाही, बाहेर येताना कातडं ओरबाडत येते. आणि मुळाशी काहीतरी पिवळट वाळलेलं होतं. ती क्रीम असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

तुझ्या गुडघ्याचा वण आठव. उपवनला सायकलवरून पडलीस, सहावीत होतीस. टाके नाहीत, काही नाही, नुसतं खरचटलं होतं. तरी तिथं अजून बोटाला लागेल असा उंचवटा आहे. ताई आत्याच्या कानाचंही तसंच. दुसरं भोक पाडून घेतलं हौसेनं, तर चिंचोक्याएवढी गाठ आली. कापून काढली, पुन्हा आली, आणि आधीपेक्षा मोठी. ती अजून केस कानावरून घेते ते फॅशन म्हणून नाही. हे आपल्या रक्तात आहे, एवढंच मला म्हणायचं होतं त्या दिवशी. म्हणालो मात्र भलतंच.

काल नौपाड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तुझं नाव सांगितलं नाही. बाई तुझ्याएवढीच असेल, पण नीट बोलली. मला वाटलं होतं ती म्हणेल हे सगळं थोतांड आहे. तसं नाही म्हणाली. मुरमांचे जुने खड्डे भरायला हा उपाय खरोखर चालतो, बारीक जखमा केल्या की कातडी स्वतःच नवं कोलॅजन, म्हणजे तिला भरीव ठेवणारं प्रथिन, धरते. पण तो दवाखान्यात. तिथं १.५ मिलिमीटरपर्यंत किंवा त्याहून खोल जातात, आधी बधिरतेचं मलम, प्रत्येकाला नवी सीलबंद सुई, दोन बैठकांत चार ते सहा आठवडे. घरी करायचंच तर ०.२, फार तर ०.३. चेहऱ्याचं वरचं कातडं साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे तुझं पॉइंट पाच त्याच्या पार पलीकडे जातं. आमच्या मशीनवर एवढी खोली जास्त गेली असती तर मी ऑपरेटरला शिव्या दिल्या असत्या.

ओल्या पुटकुळ्या असताना फिरवायचाच नाही, एकीतला पू दहा ठिकाणी पेरला जातो. तुझ्या हनुवटीवर तेव्हा तीन होत्या. मी मोजल्या नव्हत्या, दिसल्या. रेटिनॉलची क्रीम आधी काही दिवस बंद. नंतर त्या रात्री व्हिटॅमिन सी नाही, ॲसिड नाही, वासाचं काही नाही. उघड्या भोकांतून ते नको तितकं खोल जातं, आणि तसं होऊन चेहऱ्यावर गाठी आल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. दिवसा सनस्क्रीन, नाहीतर आपल्या वर्णाच्या कातडीवर काळे डाग राहतात, म्हणजे घालवायला गेलो डाग आणि आणले डाग. आणि ज्यांच्या वणाची गाठ होते त्यांनी आधी डॉक्टरला ते सांगायलाच हवं. बघ, पुन्हा आलो कानापाशी.

एक विचारायचं राहिलं. तुझी ती रूममेट, "आम्ही दोघी वापरतो" असं म्हणाली होतीस ना? ते नको. सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये बुडवला तरी एकीचा रोलर दुसरीनं लावायचा नाही, त्यात रक्त असतं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत एका विनापरवाना स्पामध्ये असल्याच सुयांच्या फेशियलमधून बायकांना एचआयव्ही झाला. २०१८ सालची गोष्ट, तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२४ मध्ये अहवाल दिला. हे लिहून ठेवलं आणि आता वाटतंय खोडावं. तुला घाबरवायचं नव्हतं. शाईचं पेन आहे, खोडता येत नाही.

लेक्चर झालं. आई मागून वाचतेय आणि हसतेय. म्हणते, दहावीत तिला जायफळ उगाळून लावायचे तेव्हा सहाण कोण धुवायचं? मीच धुवायचो. तू तोंडाला लेप लावून गणित करायचीस आणि हसायचं नाही म्हणून मला खोलीत येऊ द्यायची नाहीस. परवा प्रमोशनचं पत्र दाखवलंस तेव्हा मी फक्त "बरं झालं" म्हणालो. शेजारच्या सावंतांना मात्र तीनदा वाचून दाखवलं.

दिवाळीत ती माणसं आली होती. त्या बाई म्हणाल्या, फोटोत डाग दिसत नव्हते. तू ट्रे घेऊन उभी होतीस. मी म्हणालो, "चहा गार होतोय, घ्या." तुझ्या त्या रोलरच्या ऑर्डरची तारीख खोक्यावर आहे, मनू. त्यानंतर पाच दिवसांची. हे मला व्हर्नियरशिवाय मोजता आलं.

रोलर परत पाठवत नाही. ड्रम पकडीनं काढून बामच्या डबीत घालून वर चिकटपट्टी लावली आहे, उघडा टाकला तर कचरा उचलणाऱ्या पोराच्या हातात जायचा. त्याचे ८५० रुपये तुला टाकलेत, परत करू नकोस. खड्ड्यांचं करायचंच असेल तर इथल्या बाईंकडे कर, सगळ्या बैठकांचे मी भरतो. फक्त पहिल्या दिवशी गुडघा दाखव त्यांना.

शनिवारी बंड्या पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर चकली आणि सनस्क्रीन देतो. सनस्क्रीन कुठलं ते मेसेज कर. माझ्या फोनवर.

तुझा,
बाबा