मालवणच्या काकांस जाहीर आभारपत्र

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नाव छापू नये ही आपली अट मी पाळते आहे, पण जाहीरपणे आभार मानल्यावाचून मला राहवत नाही. ऐन आषाढात, वेंगुर्ल्यात वीज सारखी ये-जा करत असताना, फक्त फोनवर बोललेल्या एका अनोळखी बाईच्या घरच्या मत्स्यालयाच्या, खाऱ्या पाण्याच्या टाकीतील प्रवाळासाठी आपण मालवणहून एसटीने भिजत आलात, हे आठवले की अजूनही गळा दाटून येतो.

ज्यांच्याकडून मी टाकीचे सगळे सामान घेतले, त्या दुकानदारांनी माझ्या लेदर कोरलचा, म्हणजे छत्रीसारख्या दिसणाऱ्या त्या मऊ प्रवाळाचा, निकाल फोटोवरूनच लावला होता. छत्री मिटलेली, एकही पॉलिप, म्हणजे प्रवाळाचा फुलासारखा इवलासा जीव, बाहेर नाही आणि वर मेणचट, चकाकणारा पापुद्रा. "मेले आहे, फेका आणि दुसरे न्या," एवढेच त्यांचे उत्तर. निदान मासे तरी वाचवा म्हणून एक औषधाची बाटलीही त्यांनी माझ्या गळ्यात मारली. ती उघडण्यापूर्वी आपण आलात. चष्मा कपाळावर चढवून आपण तिच्यावरील बारीक अक्षरे वाचलीत, 'कॉपर सल्फेट' या शब्दांवर बोट ठेवलेत आणि तांब्याने माशांवरील परजीवी मरतात हे खरे, पण त्याच पाण्यातील कोळंबी, शंख आणि प्रवाळही मरतात, असे सांगून बाटली बाहेर ओट्यावर नेऊन ठेवलीत. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्याने प्रवाळ विकू नयेत. ठाऊक असेल तर त्याला काय म्हणावे हे मला सुचत नाही.

माझ्या मनात घर करून राहिली आहे ती मात्र त्याहून साधी गोष्ट. पाण्यात हात घालण्यापूर्वी आपण अंगठी काढून खिशात ठेवलीत, मी पुढे केलेला साबण नाकारलात आणि मागीलदारी जाऊन कोपरापर्यंतचे हात नुसत्या पाण्याने कितीतरी वेळ चोळून धुतलेत. टाकी बसवायला आलेल्या दुकानातील माणसाने सिगारेट विझवून त्याच हाताने खडक रचले होते. ज्या जिवाला सगळ्यांनी मेलेला ठरवले होते, त्याच्यासाठी आपण हात धुतलेत, काका. तिथेच माझा धीर परत आला.

मग आपण सिरिंजने टाकीतलेच पाणी त्याच्यावर हळूच सोडलेत. पापुद्र्याची एक कड सुटून फडफडली आणि खाली स्वच्छ, पिवळसर तपकिरी अंग दिसले. लेदर कोरल अधूनमधून असे मिटून बसते आणि अंगावरचे शेवाळ व घाण त्या पापुद्र्यासकट टाकून देते; त्याला औषध नव्हे, अंगावरून वाहते पाणी हवे, हे आपण समजावलेत. दुकानदाराच्या रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे पाण्याचा खारटपणा मोजणाऱ्या उपकरणावर, 1.025 दिसणारी पाण्याची घनता प्रत्यक्षात 1.021 निघाली, तेव्हाही आपण कुणाला नावे ठेवली नाहीत. घाई न करता ती हळूहळू वाढवायची, इतकेच म्हणालात.

एका विक्रेत्याने समुद्रातून काढलेला तुकडा स्वस्तात देऊ केल्याचे मी सांगितले, तेव्हा मात्र आपला चेहरा बदलला. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या ज्या पाण्यात आपले आयुष्य गेले, तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. "तां थंयच रवांदे," म्हणजे ते तिथेच राहू दे, एवढे बोलून आपण पुन्हा टाकीकडे वळलात. ज्ञान असलेली माणसे कोकणात कमी नाहीत, पण ते विकायला न बसता दुसऱ्याच्या दारी घेऊन जाणारी माणसे भेटली की गावात राहण्याचा अभिमान वाटतो.

छत्री आता पुरती उघडली आहे आणि प्रत्येक पॉलिपच्या आठही बोटांची हालचाल दिसते. एसटीचे तिकीटही आपण मला काढू दिले नाहीत. रिफ्रॅक्टोमीटर तपासण्याच्या द्रावणाची आपली बाटली आपण माझ्यापाशी ठेवून गेलात, तशीच नवी बाटली मी पाठवते आहे. ती कृपया परत करू नये.

आपली नम्र,
वेंगुर्ल्याची एक प्रवाळप्रेमी