भीती जागच्या जागी ठेवणाऱ्या पेशी

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, मेंदूच्या पेशी जन्मतः मिळाल्या तेवढ्याच, पुढे नुसती गळती, असं तुमच्या वेळच्या पुस्तकांत असायचं. १९६०च्या दशकात जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास या शास्त्रज्ञांनी मोठ्या उंदरांच्या मेंदूत नव्या चेतापेशी होताना दाखवल्या, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. माणसातला पुरावा १९९८ साली आला. पुढे २०१३ साली, अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-१४वरून पेशींचं वय काढलं गेलं आणि आकडा निघाला रोज सुमारे ७०० नव्या पेशींचा, तोही मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूला प्रत्येकी. २०१८ साली मात्र एका गटाला प्रौढांत अशा पेशी सापडल्याच नाहीत, तर दुसऱ्याला ७९ वर्षांच्या मेंदूतही सापडल्या. मृत्यूनंतर मेंदूचा तुकडा रसायनात फार वेळ राहिला की नव्या पेशीची खूण पुसट होते, हे त्यामागचं एक कारण. वाद अजून पुरता मिटलेला नाही.

या पेशी होतात हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी सांभाळणाऱ्या भागात, कानांच्या पातळीवर पण खूप आत. सारख्या दिसणाऱ्या दोन अनुभवांची सरमिसळ होऊ न देणं हे तिथलं काम. आई, समजा ओल्या फरशीवर कुणाचा पाय घसरला. मेंदूनं ध्यानात ठेवायचं ते एवढंच: पाणी सांडलेलं होतं, चप्पल झिजलेली होती, धरायला काही नव्हतं. हे बारकावे सुटे राहिले तर कोरड्या जिन्यावर छाती धडधडत नाही. ते एकात एक मिसळले की आधी कोरडी फरशी, मग जिना, शेवटी उंबरा ओलांडणंसुद्धा धोक्याचं वाटायला लागतं. उंदरांत दिसतं ते असं: नवी पेशी चार-सहा आठवड्यांची असताना चटकन उत्तेजित होते, शिवाय आजूबाजूच्या जुन्या पेशींना गप्प बसवते. जुन्या सगळ्याच एकदम बोलायला लागल्या तर फरक कळणार कसा?

नव्या पेशी होऊ न दिलेले उंदीर एरवी ठीकच होते. ताण दिल्यावर मात्र त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक खाली यायला जास्त वेळ लागला. म्हणजे भीती या पेशींमुळे वाटते असं नव्हे, आणि चिंतेचं सगळं खापर त्यांच्यावर फोडणंही चूक.

आता चिंता-नैराश्यावरच्या गोळ्यांचं. २००३ साली उंदरांत दिसलं, की क्ष-किरणांनी या पेशींची वाढ थांबवली तर फ्लुऑक्सेटिन या अशाच एका औषधाचा वागण्यावरचा परिणामही थांबतो. नवी पेशी कामाला लागायला आठवडे जातात आणि अशा गोळ्यांचा गुण यायलाही आठवडेच लागतात. माणसात कारण हेच असेल असं नाही, पण दहा दिवसांत फरक नाही म्हणून गोळी सोडू नका. अचानक सोडली तर चक्कर येते, झोप उडते, जीव कासावीस होतो, आणि आजारच उलटला असं वाटतं. कमी करायची तर डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्यानं.

चालण्याबद्दल २०११चा एक प्रयोग आहे, ५५ ते ८० वयाच्या १२० जणांचा. निम्म्यांनी १० मिनिटांपासून सुरुवात केली, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवली आणि सातव्या आठवड्यात ४० मिनिटांवर आले, आठवड्यातून तीन दिवस. वर्षभरात त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला; नुसतं अंग ताणणाऱ्या बाकीच्यांचा तेवढ्यात थोडा आक्रसला. स्कॅनमध्ये आकार दिसतो, पेशी मोजता येत नाहीत, तेव्हा वाढ नव्या पेशींचीच असं म्हणू नये. बाबा, पहिल्याच दिवशी ४० मिनिटं नकोत. गुडघे धरतात आणि चालणंच बंद पडतं. बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढाच दम लागू द्या. छातीत दुखलं तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांकडे जा.

आणि आई, कधी पाय घसरलाच तर नंतर ती जागा टाळत राहू नकोस. आधी फरशी कोरडी असताना, न घसरणारी चप्पल घालून, आधार धरून उभी राहा. धडधड उतरेपर्यंत थांब. भीती ऐन चढलेली असताना बाहेर पडलीस, तर मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो. तिथे निवांत वाटायला लागलं की मग ओली फरशी, बाबांना दाराशी उभं करून.

तुमचीच,
मुलगी